आधी भिंत, मग तार, मग राउटर

रावेत, पुनावळे, किवळे, ताथवडे या पट्ट्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला, सामान लागलं, गॅस आला की घरोघरी पुढचा प्रश्न निघतो तो राउटरचा. हिंजवडीच्या कंपन्यांचे दोन लॅपटॉप, मुलांचा एक कॉम्प्युटर, चार-पाच फोन, हॉलमधला टीव्ही, दारावरचा कॅमेरा, आणि या सगळ्यांत मिळून इंटरनेटची जोडणी एकच. दुकानदार खोक्यावरचा मोठा आकडा दाखवतो, शेजारी स्वतःच्या ब्रँडची शिफारस करतो आणि नेटवाला म्हणतो, आमचाच डबा बरा चालतो. माझं मत आधीच सांगतो. या भागातल्या घरांत राउटरची निवड तिसऱ्या क्रमांकावर येते. आधी भिंत बघावी, मग तार कुठपर्यंत नेता येते ते बघावं आणि त्यानंतर डब्याचा विचार करावा. हा क्रम उलटा झाल्यामुळे सात-आठ हजारांचा राउटर आणूनही आतल्या बेडरूममध्ये ऑफिसचा कॉल तुटतो, अशी घरं इथे पुष्कळ आहेत. ते पैसे आणि तो मनस्ताप दोन्ही टाळता येतात.

राउटर नेमकं काय करतो ते थोडक्यात पाहू. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा एक फोनलाइन, एक मोडेम आणि एक कॉम्प्युटर असा मामला होता. एकाच जोडणीवर अनेक कॉम्प्युटर चालवायची गरज आधी सायबर कॅफेंना पडली. तिथे एका कॉम्प्युटरवर विनगेटसारखं सॉफ्टवेअर टाकून बाकीचे त्याच्यामागे जोडले जात. पुढे विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९९ मध्ये, ही सोय अंगचीच आली. अडचण एवढीच की तो पहिला कॉम्प्युटर बंद केला की सगळ्यांचं नेट बंद. त्या कॉम्प्युटरचं काम एका छोट्या, दिवसरात्र चालू राहणाऱ्या डब्याने उचललं आणि तोच घरगुती राउटर झाला. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. आत प्रत्येक यंत्राला, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, खासगी पत्ता मिळतो आणि कुठली मागणी कोणाची होती याची नोंद राउटर ठेवतो. पत्ते बदलून देण्याची ही युक्ती १९९४ मध्ये मांडली गेली आणि खासगी पत्त्यांचे गट १९९६ मध्ये ठरले. आजही प्रत्येक घरात हेच चालू आहे.

आपल्याकडे घरगुती वायफाय रुजायला २००५ साल यावं लागलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला बीएसएनएलने ब्रॉडबँड आणलं आणि त्याच सुमारास २.४ गिगाहर्ट्झची पट्टी परवान्यातून मुक्त झाली. तेव्हा सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएस वेग असला तरी ते ब्रॉडबँड ठरत असे. ती किमान मर्यादा २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली आणि रावेतमधल्या सोसायट्यांत आज १०० ते ३०० एमबीपीएसचे प्लॅन सहज मिळतात. बाहेरून येणारा वेग असा कितीतरी पटींनी वाढला, पण हॉलमधून बेडरूममध्ये जाणारी लाट मात्र अजून त्याच भिंतीतून जाते.

ही भिंत कशाची आहे, यावर पुढचं बरंच काही ठरतं. रावेत १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. गावठाणात विटांच्या जुन्या भिंती आणि पत्र्याची छपरं अजून आहेत. आकुर्डी स्टेशनकडच्या बाजूला आणि औंध-रावेत रस्त्यालगत मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत उंच मनोरे उभे राहिले आणि त्यांतले अनेक मायवन पद्धतीचे आहेत. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून, आत सळ्यांची जाळी ठेवून, स्लॅब आणि भिंती एकदमच काँक्रीटने ओतायच्या, अशी ही पद्धत. बांधकाम झपाट्याने होतं आणि भिंती सरळ येतात. पण घरातली आतली भिंतही काँक्रीटची असते, तिच्यात लोखंड असतं आणि वायफायच्या लाटेला या दोन्हींचं वावडं आहे. विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झची लाट थोडी अशक्त होऊन का होईना, पलीकडे पोचते. काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडल्या की ती नावापुरतीच उरते. २.४ गिगाहर्ट्झची लाट जास्त चिवट, पण तिचं दुखणं वेगळं आहे. ते पुढे येईलच.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. बिल्डरने नेटचा पॉइंट दिलेला असतो टीव्हीच्या मागे, हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर. नेटवाला फायबर तिथेच आणून सोडतो आणि त्याचा डबा टीव्हीच्या कपाटात जातो. ऑफिसचं टेबल असतं सगळ्यात आतल्या बेडरूममध्ये, कारण तिथे शांतता असते. डबा आणि टेबल यांच्यामध्ये दोन काँक्रीटच्या भिंती आणि एक बाथरूम. खोक्यावर कितीही अँटेना असल्या तरी या रचनेत फार फरक पडत नाही. वायफायची शक्ती नियमांनी बांधलेली आहे, आणि राउटरची हाक लॅपटॉपपर्यंत पोचली तरी लॅपटॉपचं उत्तर परत यायला हवं. लॅपटॉपची आणि फोनची अँटेना लहानच असते. ‘लाँग रेंज’ राउटरवर भरवसा ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

मायवनच्या घरात आणखी एक पेच आहे. भिंतच इमारतीचा भार घेत असल्यामुळे ती फोडून नवा पाइप टाकता येत नाही. टाकूही नये. म्हणून ज्यांचं घर अजून बांधून व्हायचं आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की काँक्रीट ओतायच्या आधी बिल्डरला विचारा. हॉलपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत नेटच्या तारेसाठी रिकामा पाइप सोडला आहे का? नसेल तर सोडून घ्या. त्या वेळी हा खर्च किरकोळ असतो, नंतर कितीही पैसे मोजले तरी तसं काम होत नाही. टाइल्सचा रंग आणि मॉड्युलर किचनबद्दल आपण दहा वेळा विचारतो, मग घरी बसून ज्यावर रोजीरोटी चालते त्या तारेबद्दल एकदा विचारायला काय हरकत आहे?

ज्यांचं घर बांधून झालं आहे त्यांनीही निराश होऊ नये. बहुतेक फ्लॅटमध्ये प्रत्येक बेडरूममध्ये टीव्हीचा पॉइंट असतो, कधी टेलिफोनचाही. बेडरूममध्ये केबल टीव्ही आता फारसं कोणी लावत नाही. त्या पॉइंटमागच्या पाइपमधून जाडी काळी केबल गेलेली असते. तिच्या एका टोकाला नेटची तार घट्ट बांधायची आणि दुसऱ्या टोकाने जुनी केबल हळूहळू ओढायची, की नवी तार तिच्या मागून येते. चांगला वायरमन हे काम अर्ध्या दिवसात करतो. पाइप आधी कुठे निघतो तेवढं पाहायचं, कारण काही इमारतींत तो हॉलमध्ये न येता थेट बाहेरच्या डक्टमध्ये जातो. तसं असेल तर स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टीतून तार न्यावी. दिसायला थोडं उणं वाटतं, पण काम चोख होतं.

तार घेताना कॅट-६ मागावी आणि ती पूर्ण तांब्याची आहे का ते विचारावं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार बाजारात सर्रास मिळते. ती वाकवताना मोडते आणि लांब अंतरावर वेग धरत नाही. शंभर मीटरपर्यंत गिगाबिट वेग देणारी चांगली तार घरातल्या पंधरा-वीस मीटरला कितीतरी वर्षं पुरते. या काळात राउटर दोनदा-तीनदा बदलले तरी भिंतीतली तार तीच राहील. म्हणूनच पैसे आधी तिथे घालावेत असं माझं ठाम मत आहे.

आता डबा. पहिला प्रश्न असा की नवा राउटर हवा आहे का? फायबर घरात येतं तेव्हा कंपनीचा जो डबा बसतो तो एकट्याने तीन कामं करतो. फायबरमधल्या प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करतो, जोडणी घरभर वाटतो आणि वायफायही देतो. वन बीएचके असेल, प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल आणि डबा कपाटातून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवता येत असेल, तर दुसरा राउटर घेऊ नये. डबा कपाटात कोंडणं, टीव्हीच्या मागे ठेवणं, शेजारी फ्रीज किंवा मायक्रोवेव्ह असणं, या चुका फुकट दुरुस्त होतात. नेटवाल्याकडून दोन-तीन मीटर लांब पॅच कॉर्ड मागून डबा सरकवता येतो. फायबर मात्र तीव्र कोनात वाकवू नये. आतली काच तडकली की डब्यावर लाल दिवा लागतो आणि मग तक्रार नोंदवून वाट पाहण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

स्वतःचा राउटर लावायचाच असेल तर कंपनीच्या डब्याचं वाटपाचं काम बंद करायला सांगावं. याला नेटवाले ‘ब्रिज’ करणं म्हणतात. हे न करता एकामागे एक दोन राउटर लावले तर पत्ते दोनदा बदलले जातात. साधं ब्राउझिंग चालतं, पण गेम आणि बाहेरून बघायचे कॅमेरे अडतात. कंपनी ब्रिज करून देत नसेल तर आपला राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या पद्धतीने लावावा, म्हणजे पत्ते वाटायचं काम पहिलाच डबा करेल आणि आपला फक्त वायफाय देईल. स्थानिक नेटवाल्यांकडे बहुधा युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी सुरू होते. ते दोन्ही पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावेत. राउटर रीसेट करायची वेळ नेमकी रात्री येते आणि तेव्हा नेटवाला फोन उचलत नाही.

खोक्यावरचे आकडे समजून घेतले तर फसगत टळते. एसी १२०० म्हणजे १,२०० चा वेग असं वाटतं. प्रत्यक्षात २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची ती बेरीज असते, आणि एक लॅपटॉप एका वेळी एकाच पट्टीवर बोलतो. त्यातही हे कागदावरचे आकडे. जवळ बसून चांगल्या स्थितीत त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तरी समाधान मानावं. एएक्स १५०० मध्ये ३०० आणि १,२०१, एएक्स ३००० मध्ये ५७४ आणि २,४०२. हा शेवटचा आकडाही लॅपटॉपला १६० मेगाहर्ट्झ रुंदी झेपत असेल तरच लागू.

या बेरजेपेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते, ती म्हणजे पोर्टचा वेग. बरेच स्वस्त ड्युअल बँड राउटर हवेतून ८६७ चा दावा करतात, पण त्यांना मागे १०० एमबीपीएसचेच पोर्ट असतात. मग २०० किंवा ३०० चा प्लॅन घेतला तरी घरात ९५ च्या वर काही येत नाही आणि शिव्या नेटवाल्याला बसतात. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतही हा फरक सापडतो. टीपी-लिंकच्या आर्चर सी५० ला १०० चे पोर्ट आहेत, सी६ ला गिगाबिट. किमतीत पाचशे-हजाराचं अंतर, आणि दिसायला दोन्ही सारखेच. खरेदीची एकच अट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी: सगळे पोर्ट गिगाबिट.

ब्रँडबद्दल माझा आग्रह नाही. टीपी-लिंक, डी-लिंक, असुस, नेटगिअर, टेंडा यांची मॉडेलं पिंपरी-चिंचवडच्या बाजारात मिळतात.   ब्रँडपेक्षा वॉरंटी किती वर्षांची, दुरुस्ती किंवा बदली पुण्यात होते का आणि कंपनी नवे अपडेट देते का, हे तीन प्रश्न विचारावेत. अमेरिकेहून भावाने किंवा मुलीने आणलेला महागडा राउटर चालतो, पण त्याची वॉरंटी इथे सहसा लागू होत नाही आणि त्यात तिकडच्या पट्ट्यांची मांडणी असते.

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर शेजाऱ्यांचा विचार करायला हवा. बावीस मजल्यांच्या मनोऱ्यात फोनवर वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. म्हणजे वीस घरं तीन चॅनलवर बोलतात आणि प्रत्येकाला थांबून आपली पाळी बघावी लागते. चिवट लाटेचं दुखणं म्हटलं ते हेच. इथे रुंदी ४० वर न ठेवता २० मेगाहर्ट्झ करावी आणि ही पट्टी कॅमेरा, गीझरचा स्मार्ट प्लग, जुने फोन यांच्यासाठी सोडावी. कामाचे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्टीतले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले, त्यामुळे जागा ऐसपैस आहे. आणि इथे काँक्रीट आपल्या बाजूने उभं राहतं. जी भिंत आपलं ५ गिगाहर्ट्झ बेडरूममध्ये जाऊ देत नाही तीच शेजाऱ्याचंही आपल्याकडे येऊ देत नाही. म्हणून तार बेडरूमपर्यंत नेऊन तिथे एक छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट लावला की त्या खोलीत स्वच्छ, निर्वेध ५ गिगाहर्ट्झ मिळतं. रावेतच्या फ्लॅटसाठी यापेक्षा चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

तार नेणं अगदीच अशक्य असेल तेव्हा मेश घ्यावं. दोन-तीन डबे एकमेकांशी हवेतून बोलतात आणि एकाच नावाने वायफाय देतात. अट अशी की दुसरा डबा जिथे रेंज संपते तिथे न ठेवता, जिथे ती अजून चांगली आहे तिथे, म्हणजे पॅसेजमध्ये ठेवावा. दाराच्या रेषेत ठेवला तर उत्तम, कारण लाकडी दार काँक्रीटइतकं अडवत नाही. हजार-पंधराशेचा एक्स्टेंडर त्याच लाटेवर ऐकतो आणि त्याच लाटेवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बघायला ठीक, ऑफिसच्या मीटिंगला मी तो कोणाला सुचवणार नाही.

वायफाय ५, ६ की ७? आज नवा घेणाऱ्याने ६ घ्यावा. २०१९ पासून हे मानक रुळलं आहे, एकाच वेळी अनेक यंत्रांना सांभाळण्यात ते सरस आहे आणि किमतीही साधारण अडीच-तीन हजारांपासून सुरू होतात. घरात चालू असलेला गिगाबिट वायफाय ५ राउटर केवळ नव्यासाठी टाकू नये. वायफाय ७ चं प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याची मोठी मौज ६ गिगाहर्ट्झच्या पट्टीत आहे. अमेरिकेने ती २०२० मध्येच खुली केली. आपल्याकडे तिच्या खालच्या भागासाठी, ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्झसाठी, परवानामुक्तीच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. पण ही लाट काँक्रीटपुढे ५ गिगाहर्ट्झपेक्षाही दुबळी आहे. तिचा लाभ बहुतांशी त्याच खोलीत मिळेल.

गावठाणातल्या घरांचं गणित निराळं आहे. तळमजल्यावर आई-वडील, वर दोन भावांचे दोन मजले आणि तिघांत एक जोडणी, अशी घरं रावेतमध्ये आहेत. विटांच्या भिंती सौम्य असल्या तरी स्लॅब काँक्रीटचाच असतो, म्हणून मजल्यागणिक एक अ‍ॅक्सेस पॉइंट आणि मध्ये पाच पोर्टचा गिगाबिट स्विच ही मांडणी योग्य. मजल्यांमधली तार जिन्याच्या आतून न्यावी. गच्चीवरून मोकळी नेलेली तांब्याची तार वळवाच्या पावसात घात करते. जवळपास वीज कडाडली की राउटरचे पोर्ट जळतात. बाहेरूनच न्यायची असेल तर फायबर न्यावं, त्यातून वीज वाहत नाही. रावेतचं इंजिनिअरिंग कॉलेज आणि आकुर्डीच्या डी. वाय. पाटील संकुलामुळे या बाजूला विद्यार्थ्यांचे भाड्याचे फ्लॅटही पुष्कळ आहेत. तिथे प्रश्न रेंजपेक्षा वाटणीचा असतो. एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की बाकीच्यांचे कॉल अडखळतात, कारण राउटरच्या पोटात डेटाची रांग साचते. ‘क्यूओएस’ची सोय असलेला राउटर घेऊन त्यात एकूण वेग प्लॅनपेक्षा थोडा कमी लिहिला, तर ही रांग आटोक्यात राहते.

विजेचाही विचार खरेदीतच करावा. गुरुवारी दुरुस्तीसाठी महावितरणचा पुरवठा बंद होणं आपल्याला नवं नाही. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सांभाळतो, पण फ्लॅटमधला राउटरचा पॉइंट त्यावर असेलच असं नाही. डबा आणि राउटर दोन्ही मिळून साधारण १२ ते १५ वॉट घेतात. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस त्यांना सुमारे दोन तास चालवतो. घेताना दोन्ही डब्यांच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जावं. पण त्याआधी नेटवाल्याला एक विचारावं: घरात फायबर येतं की डक्टमधल्या स्विचमधून साधी तार? फायबरचं विभाजन करणाऱ्या डबीला वीज लागत नाही. डक्टमधला स्विच मात्र इमारतीच्या विजेवर चालतो, आणि तो बंद पडला तर घरातला यूपीएस कितीही चांगला असो, नेट जातंच.

शेवटी सुरक्षितता, जी सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले. कारखान्यातून आलेलं ‘अ‍ॅडमिन’ हे नाव आणि ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड लोकांनी तसाच ठेवला होता. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा, हे अनेकांना ठाऊकच नसतं. दोन्ही बदलावेत. पासवर्डऐवजी पिनने जोडणी देणारं डब्ल्यूपीएस बंद करावं, त्याच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ मध्येच उघड झाली आहे. पाहुण्यांसाठी आणि चिनी कॅमेऱ्या-प्लगसाठी वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क ठेवावं, म्हणजे त्यातलं एखादं यंत्र बिघडलं तरी ऑफिसचा लॅपटॉप सुरक्षित राहील. नेट बसवून देणाऱ्याने टाकलेला, फोन नंबरवर बेतलेला पासवर्ड सोसायटीत सगळ्यांना माहीत असतो, हे विसरू नये.

नवा राउटर आला की जुना लगेच भंगारात देऊ नका. तो गिगाबिट असेल आणि त्याला अजून अपडेट मिळत असतील तर त्याच्या सेटिंगमध्ये पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा, वायफायचं नाव-पासवर्ड नव्यासारखंच द्या आणि मुख्य राउटरकडून आलेली तार त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. टीव्हीच्या जुन्या पाइपमधून ओढलेली तार बेडरूममध्ये जिथे निघते, तिथे तो बसवला की त्या खोलीपुरता अ‍ॅक्सेस पॉइंट वेगळा विकत घ्यावा लागत नाही.